विश्रामबागच्या ओपीडीतली पोरं

आमच्या धंद्यात कपड्यांना कुत्र्याचे केस चिकटतात ते चिकटतातच. झटका, ब्रश मारा, धुऊन काढा, लग्नाच्या कोटावरही दोन सापडतात. किस्स्यांचंही तेच. मी मुद्दाम गोळा करायला कधी गेलो नाही. पण मित्र जमले, चहा आला, की कुठून तरी एक निघतो आणि त्याला धरून दुसरा.

सांगलीत विश्रामबागेत माझं कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक आहे. व्हेटर्नरीची शेवटच्या वर्षाची पोरं इंटर्नशिपला महिनाभर माझ्याकडे येतात. गाय, म्हैस, शेळी त्यांनी भरपूर पाहिलेली असते. सोफ्यावर झोपणारा पेशंट मात्र पाहिलेला नसतो, आणि त्याला सोफ्यावर झोपवून स्वतः खाली गादी टाकणारा मालक तर नाहीच नाही! पेशंट शिकवायला सोपा. मालक शिकवता शिकवता माझे केस गेले.

यंदा दोघं आले. आदित्य साताऱ्याचा, शहरातला. घरी बीगल, त्यामुळे कुत्रा दिसला की लाडेलाडे बोलायला लागायचा. आणि सारिका जत तालुक्यातली, घरी मेंढरं. बोलणं कमी, पण बोकडाची शिंगं धरून त्याला भिंतीला लावेल अशी पोरगी. फक्त कुत्र्यांपुढे तिचे हात कुठे ठेवावेत तेच तिला कळायचं नाही.

* * *

पहिल्याच दिवशी एक मॅडम लॅब्रॅडॉर घेऊन आल्या. दोन दिवस जेवत नव्हता. मी सारिकाला म्हटलं, "हिस्ट्री घे."

पोरीने पॅड उघडलं आणि कॉलेजात घोटून घेतलेले प्रश्न सुरू केले. पाणी पितो का? शेण कसं आहे? मॅडम जरा बिचकल्या, पण उत्तरं देत राहिल्या. मग सारिकाने मान वर न करता विचारलं, "रवंथ करतो का?"

आदित्य तोंडावर हात ठेवून आत पळाला. मी खोकत उभा.

मॅडम मात्र ताठ झाल्या. म्हणाल्या, "छे छे! आमच्याकडे असलं काही करूच देत नाही त्याला!"

* * *

कोरेगाव बाजूचे एक रिटायर्ड सुभेदार मुलीकडे सांगलीला आले होते. उंचेपुरे, मिशा अशा की दारातून आधी त्या आत आल्या. हातात नातीची पॉमेरेनियन, नाव राणी. रेबीजची लस द्यायची होती.

आदित्य नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर बसता का? काही जणांना सुई बघवत नाही."

"आवं, बर्फात काढल्यात आमी वर्सं! सुईला काय भ्यायचं?" सुभेदार गरजले. "मी धरतो. तुमी टोचा!"

आदित्यने टोचलं. राणीने हूं की चूं केलं नाही. सुभेदारांचे डोळे मात्र वर गेले आणि सगळा देह आदित्यच्या अंगावर आला. सारिकाने हवेतल्या हवेत राणीला झेललं. ती तिला मेंढीसारखं काखेत धरून उभी राहिली आणि राणीही खुशाल लटकत राहिली.

पाणी मारलं, लिंबू सरबत दिलं. सुभेदार उठून बसले, मिशीवरून हात फिरवला, बाहेर बसलेल्या मुलीकडे बघितलं आणि हळूच आदित्यला विचारलं, "राणी रडली का?"

"नाही काका."

"मग पोरीला तेवढंच सांगा!"

* * *

मांजरांचं खातं वेगळं. एक बाई चेनच्या पिशवीत मांजर घालून स्कूटरवरून आल्या. पिशवी बंद ठेव, आधी खिडक्या लाव, असं मी सांगेपर्यंत आदित्यने चेन उघडली सुद्धा! पांढरं काहीतरी त्याच्या खांद्यावरून गेलं आणि एसीवर जाऊन बसलं.

मग सुरू झाला जप. मनी, मनी, मनी! बाई हाका मारून रडकुंडीला आल्या. आदित्यने खाऊ दाखवला. सारिका स्टुलावर चढली, तर मनी एसीवरून कपाटावर.

शेवटी बाईंनी नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. "अहो, ही खाली येत नाहीये!"

पलीकडून आवाज घुमला, "काय गं अवदसे? सगळ्यांना छळायला लागलीस काय? उतर खाली!"

मनी टुणकन उडी मारून टेबलावर आली आणि फोनला अंग घासायला लागली.

बाई मनीकडे बघतच राहिल्या. मग फोन उचलून थंडपणे म्हणाल्या, "घरी तर म्हणता, मला मांजराचा तिटकारा आहे. दूध सारखं संपतंय कसं, ते आता कळलं. येते घरी."

फोन लगेच कट झाला. तिकडूनच!

* * *

हसण्यासारखं रोज काही होत नाही.

एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको म्हाताऱ्या कुत्रीला घेऊन आले. तिला दिसत नव्हतं, मागचे पाय लटपटत होते. सारिकाने नीट तपासलं. तपासणी उत्तम केली, खोटं कशाला सांगू. मग मास्तरांना सरळ विचारलं, "लय म्हातारी झालीय. अजून किती दिवस सांभाळणार?"

मास्तरांनी कुत्रीला शालीत गुंडाळलं आणि दोघं निघून गेले. औषधही न घेता.

मी तिला झापलं. चांगलंच झापलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सर, आमच्याकडं असंच विचारत्यात. कळप चालत असतो. ज्याला चालवत नाही त्याचं काय करायचं, हे कुणीतरी ठरवावंच लागतं की."

त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच आले. सारिकाला बोलावलं. 

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर काल दोघांनी मिळून शोधलं," मास्तर म्हणाले. "नाही सापडलं. गोळ्या दे."

तिने गोळ्या दिल्या, कशा द्यायच्या ते समजावलं, पिशवी स्कूटरपर्यंत नेऊन दिली. आणि परत येऊन मला म्हणाली, "सर, माझी बदली गुरांच्या दवाखान्यात करा. मला हे जमणार नाही. मी कुणाला तरी परत असंच दुखावणार."

मला वाईट वाटलं. पोरीचा हात चांगला, नजर त्याहून चांगली. असं मन मोडून गेली असती तर आयुष्यभर कुत्र्याला हात लावला नसता. पण जबरदस्ती तरी कशी करणार? म्हटलं, "महिना पूर्ण कर. मग तू म्हणशील तसं."

* * *

आणि आता लाल्या.

जतकडचे बिरूतात्या मेंढरं घेऊन सांगलीच्या आसपास उतरले होते. ऊस तुटून गेलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, खतासाठी. तिथे उसाच्या ट्रॅक्टरने तात्यांच्या कुत्र्याला उडवलं. तात्यांनी त्याला घोंगड्यात बांधून रिक्षाने माझ्याकडे आणलं. मागचा पाय मोडलेला. मी ऑपरेशन करून प्लेट टाकली आणि सांगितलं, काही दिवस इथेच राहू द्या.

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "पर मला न्हाई थांबता येत डाक्टर. उद्याच्याला मुक्काम हलणार. मेंढरं काय माझ्यासाठी थांबत्यात व्हय?"

जाताना त्यांनी लाल्याच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि मागे न बघता गेले.

लाल्याने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. अंडं दिलं, नाही. चिकन दिलं, नाही. आदित्यने बीगलसाठीचं महागडं खाद्य आणून हाताने भरवायला बघितलं, लाडेलाडे बोलला, गाणंसुद्धा म्हटलं! लाल्याने डोळे मिटून घेतले. एक्स-रे चांगला, ताप नाही, रक्त ठीक. सलाईनवर किती ओढणार? तिसऱ्या दिवशी मी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, "पाय वाचला, पण कुत्रं हाताला लागेल असं वाटत नाही."

सारिका बराच वेळ पिंजऱ्यापुढे बसून राहिली. मग आदित्यच्या बाईकची चावी मागितली आणि काही न सांगता गेली.

दुपारी आली ती काखेत कोकरू घेऊन!

वेटिंगमध्ये दोन पग, एक पर्शियन मांजर आणि त्यांचे मालक. मी ओरडलो, "अगं, हे काय आणलंस? क्लिनिक आहे का बाजार?"

"तात्यांचा नवा मुक्काम हुडकून त्यांच्याकडनं आणलंय सर. लाल्या बरा झाला की दोघांना सोबतच नेतो म्हणालेत." ती थेट मागच्या खोलीत गेली. "त्याला इथं काही कामच नाही सर. ज्याला राखायचं तेच दिसत नाही, मग तो खाणार कसा?"

तिने पिंजऱ्याचं दार उघडलं आणि कोकरू बाजूला बांधलं. कोकरू बें करून ओरडलं.

लाल्याचे कान उभे राहिले. मान वळली. मग तीन पायांवर, कण्हत, फरफटत तो बाहेर आला, कोकराला नाकापासून शेपटापर्यंत हुंगलं आणि कोकरू व दार यांच्या मधोमध आडवा पडला. सारिकाने भाकरी-दूध कुस्करून पुढे ठेवलं. दाराकडचा डोळा न हलवता त्याने सगळं चाटून पुसून खाल्लं.

आदित्य रडला. मीही रडलो, उगाच कशाला लपवू?

पण पुढची पंचाईत वेगळीच. लाल्या आता ड्युटीवर! कुणालाच आत येऊ देईना. आदित्य दिसला की दात, मी दिसलो की जास्त दात. ड्रेसिंग, इंजेक्शन, खाणं, सगळं सारिकाच करायची. तेच तिचे हात, कुठे ठेवावेत हे न कळणारे!

महिना संपत आला. बदलीचं काय ठरवलंस, हे विचारायला मी मागच्या खोलीकडे गेलो. टाकेही बघायचे होते. ट्रे हातात घेऊन दारात उभा राहिलो. स्वतःच्याच क्लिनिकमध्ये, हो!

लाल्या गुरगुरला.

सारिका आत जमिनीवर बसली होती, मांडीवर कोकरू. माझ्याकडे न बघता तिने लाल्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली,

"येऊ दे रं त्यास्नी. चांगलं हायत. शिकाय लागल्यात अजून."