मॅडमचे भुकेले दाणे

बाटली खिडकीपाशी न्यायची, मान जराशी तिरपी करायची, एक डोळा मिटायचा आणि आतल्या दाण्यांना विचारायचं, "भुकेले झाले का जी?"

ह्या आमच्या मॅडम. विचारून वर थांबायच्या, जणू दाणे "हो" म्हणणार आहेत. गुजरातेतल्या सचिन गावी, कारखान्यामागच्या खोलीत पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, पोरगी शिकून शिकून वेडी झाली. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही तेच म्हणाला असता, तेव्हा मला एकटीला हसू नका.

मी तेव्हा आजी नव्हते. चाळिशी नुकती ओलांडलेली, वेणीत गजरा, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं ही समजूत. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं घरचं काम सोडून मी 'लॅब'मध्ये लागले, याचा तोरा एवढा की आम्ही राहायचो त्या डिंडोलीच्या भाजीवालीलाही न विचारता सांगून यायचे. लॅबमध्ये काम काय? तर बरण्या धुणं आणि ओव्हनवर लक्ष ठेवणं.

मॅडम नागपूरकडच्या. मला काकू म्हणायच्या आणि राणीसाहेबांना समजवावं तसं समजवायच्या. "हे बघा काकू, तांब्याचा क्षार आणि एक आम्ल जोडलं की बारीक बारीक पिंजरे तयार होतात. डोळ्याला दिसत नाही इतके. त्या पिंजऱ्यात वायू जाऊन बसतो." या पिंजऱ्यांच्या भुकटीला त्या एमओएफ म्हणायच्या. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "आमच्याकडे हवेला पिंजऱ्यात घालतात." हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "पगार देतात ना पण?"

आता आमच्या ह्यांचं सांगायलाच हवं. ज्या शेठची लॅब, हे त्याच शेठच्या प्रिंटिंग खात्यात, कापडावर छपाई करायचे. रंगाच्या लगद्यात अमोनिया. दिवसभर बंद शेडमध्ये तो वास, आणि संध्याकाळी डोळे लालभडक. आमच्या गल्लीला वाटायचं, गुजरातेत दारूबंदी असून या माणसाला रोज मिळते कुठून! गल्लीचं सोडा, मी स्वतः दार उघडताच ह्यांच्या तोंडाचा वास घ्यायचे.

"मना तोंडना काय वास ली ऱ्हायनी?" हे खेकसायचे. "डोया चुरचुरतस मना!"

मग एक दिवस डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ते काम सोडा, नाहीतर डोळे जातील. सोडून करायचं काय? ह्यांना छपाईशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मॅडमच्या पिंजऱ्यांकडे मी त्या दिवसापासून नीट बघायला लागले, कारण मॅडम बनवत होत्या ते त्याच शेडसाठी, अमोनिया गिळणारं फिल्टर.

पहिला प्रयोग नुसत्या भुकटीचा. खोक्यात ठासून भरली आणि पंखा लावला, तर पंखा कण्हायला लागला. हवा जाईचना. मग एकदम गेली, ती भुकटी घेऊन. शेठचा पांढरा शर्ट निळा झाला. ते शर्ट झटकत म्हणाले, "बेन, हवे एक ज वार. नहीं चाले तो आ रूम गोडाउन." म्हणजे आता एकच संधी, नाहीतर लॅब बंद.

मॅडमनी मग सिलिका घेतली. नव्या पर्समध्ये पुडी निघते ना, तसे काचेसारखे दाणे. त्यांच्या अंगभर बारीक छिद्रं. ते दाणे तांब्याच्या क्षाराच्या पाण्यात भिजवायचे, सुकवायचे, मग आम्लाच्या द्रावणात ठेवून गरम करायचे. पिंजरे दाण्याच्या पोटातच उगवतात. भुकटी उडत नाही, आणि दाण्यादाण्यांमधून हवा खेळती राहते. शेवटी स्पिरिटने धुऊन ओव्हनमध्ये पुन्हा सुकवायचे.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी ओव्हनवर मी. सकाळी आभाळासारखे निळे ठेवलेले दाणे दुपारी पाहिले, तर जांभळट काळे! मी जाळले! ह्यांचे डोळे, माझी लॅब, सगळं एका दुपारी करपलं. आता आपण खानदेशी बायका. करपलं की पाणी, मळलं की पाणी, नवं आणलं तरी आधी पाणी. मी पाण्याचा आख्खा जग ओतला.

तडतड तडतड! मोहरी फुटावी तसे दाणे फुटले. रंग मात्र निळा परतला, म्हणून मी क्षणभर खूशही झाले. अशी मी हुशार.

मॅडम धावत आल्या. बरणी पाहिली, मला पाहिलं. मी पदर तोंडात कोंबलेला. आणि ती पोरगी हसत सुटली. "काकू, फोडणी तर मस्त बसली जी! भाजी कुठाय?"

मग सांगितलं, काळे म्हणजे जळालेले नव्हेत. पोटातलं सगळं पाणी गेलं, दाणे रिकामे झाले, भुकेले झाले, की तसे दिसतात. मी त्यांना पाणी पाजून फोडलं होतं. शेठला त्या एवढंच म्हणाल्या, "थोडं थांबा, दाणे अजून भुकेले नाहीत." आणि आम्ही दोघींनी पुन्हा भिजवण्यापासून सुरुवात केली.

शेवटी खोकं बसलं, ह्यांच्या टेबलाच्या डोक्यावर. पंखा कण्हला नाही. संध्याकाळी खोक्याच्या काचेतून पाहिलं तर खालच्या थराचा रंग बदललेला, वरचा काळाच. शेठ खूश. मॅडम नाहीत. "रंगाचं काही खरं नाही जी. नुसत्या दमट हवेनंही बदलतो. दादांचे डोळे काय म्हणतात ते उद्या सांगा."

ह्यांना पाळी संपवून यायचं होतं. मी घरी जाऊन दारातच बसले. हे आले. मी तोंडाचा वास घेतला नाही, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. डोळे पांढरे. धुतलेल्या बशीसारखे पांढरे.

मला जे रडू फुटलं ते आवरेना. शेजारीण पाणी भरत होती. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, आणि हंडा खाली ठेवत म्हणाली, "आते तू बी लागनी का पेवाले?"

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा मॅडम स्टुलावर मटकन बसल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. म्हणाल्या, "म्हणजे जेवले पोट्टे."

मॅडमना इथून जाऊन आता बरीच वर्षं झाली. कुठल्याशा थंड देशात असतात, तिथेही दाणेच बनवतात. त्या खोलीत आता दुसरी माणसं आहेत, दाण्यांशी बोलत नाहीत म्हणे. मीही घरी बसले, नातवंडांना ताकीद देऊन ठेवली आहे, की काळं दिसलं म्हणून लगेच पाणी ओतायचं नाही.

कधीमधी मोबाइलवर मॅडमचा व्हिडिओ कॉल लागतो. "कशा आहात काकू?" वगैरे होतं, आणि मग मॅडम चष्मा पुसून नीट घालतात. आमचे हे न सांगता मोबाइल उचलतात, खिडकीपाशी जातात आणि बोटाने खालची पापणी ओढून उभे राहतात.

पलीकडे मान जराशी तिरपी होते. एक डोळा मिटतो.