कोपऱ्यातली मानाची जागा

बाई गेली हे रेणूनं फोनवर सांगितलं तेव्हा मी कुरखेड्याच्या घरी अंगणात धान वाळत घालत होते. बाई म्हणजे माझी थोरली बहीण शकुंतला. आमच्याकडे थोरलीला बाईच म्हणतात. रेणू तिची एकुलती लेक. "मावशी, आई गेली वं..." एवढंच ती बोलली, आणि मागून तिच्या बापाचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा, आवाज आला, "चहाचं काय झालं?" अहो, बाई अजून घरातच होती, तिला खाटेवरून खालीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि या माणसाला चहा सुचत होता! चंद्रपूरला तिच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोळ्यातून टिपूस निघालं नाही. रडू नंतर आलं. आधी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

घर माणसांनी भरलं होतं. भाऊजी पांढरा सदरा घालून दाराशी बसले होते आणि येईल त्याला एकच गोष्ट सांगत होते. "लय उपास करे. सोमवार, गुरुवार, एकादशी, काई सोडलं नाई. त्याच्यानंच खंगली." लोक म्हणत, "पुण्यवान होती बापा." तेरवीच्या कार्डावर तर त्यांनी छापूनच टाकलं, 'व्रतस्थ गृहिणी'. व्रतस्थ! हा सगळा लेख मी त्या एका शब्दासाठी लिहिते आहे. बाई कोणतंही व्रत करत नव्हती. तिला आंबाडीची भाजी, तुरीचं वरण आणि ताटभर भात आवडायचा, आणि लहानपणी माझ्या ताटातला पापडसुद्धा ती पळवायची.

लग्नानंतर ती ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. भाऊजी वीजकेंद्रात होते. पगार चांगला, दारू नाही, हात उचलणं नाही. आमच्या आईच्या लेखी जावई म्हणजे सोनं. त्यांना एकच खोड होती. भरल्या ताटावरून उठायचे. वरणात मीठ कमी, उठले. भात मऊ झाला, उठले. ड्युटीवर साहेब बोलला, तरी घरी येऊन ताट सरकवून उठले, चपला घातल्या, चौकात गेले, आणि तिथं समोसे खाऊन आले. आणि आमच्या आईनं बाईला काय शिकवून पाठवलं होतं? नवरा उपाशी उठला की बायकोनं अन्नाला हात लावायचा नाही. तो समोसे खाऊन ढेकर देत यायचा आणि ही पाणी पिऊन झोपायची. शेजारणींनी विचारलं की म्हणायची, "आज उपास हाय." रेणूलाही तेच सांगायची. अशी झाली ती व्रतस्थ.

मी किती भांडले तिच्याशी! "तू जेव नं वं गुपचूप. कोन पाह्यते?" ती म्हणायची, "मी पाह्यतो नं." हट्टी होती. आईला दिलेला शब्द मोडणार नाही म्हणजे नाही. मी तिला भोळी समजत राहिले. ती भोळी नव्हती, ती वाट पाहत होती.

भाऊजी रिटायर झाले आणि त्यांनी चंद्रपुरात घर बांधलं. स्वयंपाकघराला लागून जेवायची लहानशी खोली निघाली. भाऊजींना तिथं गादीच्या खुर्च्या हव्या होत्या, आणि टेबलाच्या टोकाला हातवाली खुर्ची, त्यांची स्वतःची. बाईनं मला कुरखेड्याहून बोलावून घेतलं आणि आम्ही दोघी फर्निचरच्या दुकानात गेलो. तिथं ती एकेका खुर्चीवर बसायची, लगेच उठायची, आणि नाक मुरडायची. दुकानदार वैतागला. "बाई, खुर्चीत खराबी काय हाय?" ही म्हणते, "उठाले लय सोपी हाय." मला वाटलं, हिचे गुडघे दुखत असतील, काहीतरी बोलते आहे.

मग तिला कोपऱ्यातला बाक दिसला. दोन भिंतींना लागून काटकोनात जाणारा, पाठीला गादी, पुढं टेबल. तिनं मला ढकलत ढकलत पार कोपऱ्यात नेऊन बसवलं, आपण बाहेरच्या टोकाला बसली आणि म्हणाली, "आता उठून दाखव." मी उठायला गेले तर पुढं टेबल, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला दुकानदारानं बाकावरच ठेवलेली मोठी फुलदाणी. "सरक नं," मी म्हटलं. ती सरकली नाही. माझ्याकडे पाहून अशी हसली, की मला लख्ख कळलं. अव्वा माय! त्या दुकानात आम्ही दोघी इतक्या हसलो की दुकानदारानं पाणी आणून दिलं.

भाऊजींना तिनं सांगितलं, "खोली लहान हाय, खुर्च्या ओढाले जागा पुरत नाई. आन् मोठ्या साहेबाच्या बंगल्यात बाकच हाय." साहेबाचं नाव काढलं की भाऊजी विरघळतात. सुताराकडून सागवानाचा बाक करून घेतला. टेबल हलतं म्हणून त्याचे पाय फरशीत बसवून घेतले. बाक आणि टेबल यांच्यात तिनं इतकी कमी जागा ठेवायला लावली की सुतार म्हणाला, "बाई, घरधन्याच्या पोटाले लागन." ती म्हणाली, "लागू दे."

घरभरणी झाली आणि पहिल्या जेवणाला मी होते. "तुमी कोपऱ्यात बसा. पंख्याखालची मानाची जागा तुमचीच," बाई म्हणाली. भाऊजी फुगून बसले. एका अंगाला रेणू, मग मी. दुसऱ्या अंगाला बाई. भांडी सगळी टेबलावर, त्यामुळे वाढायला उभं राहायचा प्रश्न नाही. जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्याबरोबर जेवायला बसली होती. तिसऱ्या घासाला भाऊजींनी ताट सरकवलं. "वांगं कच्चं हाय." उठायला गेले, मांड्या टेबलाला आपटल्या, परत बसले. "सरक." बाई भात कालवत होती. "मी जेवून राह्यली नं. झालं का सरकतो." आणि ती जेवली, बापा! वरण घेतलं, परत भात घेतला, लोणच्याची फोड चोखून खाल्ली. भाऊजी समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिले. नवरा उठलेलाच नव्हता, त्यामुळे आईला दिलेला शब्दही शाबूत. हात धुताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "नियम नाई मोडला मी. बाक केला."

पुढं ते निमूट जेवायला लागले. दुसरं करतात काय? बाईच्या अंगावर मांस आलं, बांगड्या हातात रुतायला लागल्या. ती मला फोन करून काय काय जेवली ते सांगायची, आणि मी ऐकत बसायची. ती काही वर्षं तिला मिळाली. मग पोटाचं जुनं दुखणं उलटलं, अन्न जाईना... डॉक्टर काय सांगायचं ते सांगोत. इतक्या वर्षांची रिकामी आतडी मला माहीत आहेत.

तेरवीला घरची माणसं टेबलाशी बसली. सवयीनं भाऊजी कोपऱ्यात. बाईच्या जागेवर मी बसले, मुद्दाम. त्यांचे थोरले भाऊ उभ्यानंच म्हणाले, "शकुंतलेसारखे उपास कोनाच्यानं होनार नाई." मी म्हटलं, "मोठे भाऊ, ते उपास नोते. हे ताटावरून उठत, म्हणून बाई उपाशी झोपे." सगळ्यांचे हात थांबले. भाऊजी लालबुंद झाले. "सरक!" मी म्हटलं, "माहं जेवण चालू हाय." मग ते लेकीकडे वळले. रेणू सवयीनं अर्धी उठलीसुद्धा होती. उठता उठता थांबली आणि तिनं मला विचारलं, "मावशी, मंग सोमवार?" मी मान हलवली. "गुरुवार?" मी परत मान हलवली. रेणू खाली बसली.

भाऊजी बोलले, "मले वाटे, शकुंतला मागून जेवत असन..." रेणूनं विचारलं, "कधी पाह्यलं, बाबा?" त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. लोकांना दया आली असेल, मला आली नाही. मी पानात भात वाढून घेतला आणि सावकाश जेवले.

आता ते बाक तोडून खुर्च्या आणायच्या म्हणतात. रेणू म्हणते, "हात लावून पाह्या." ते अजून तिथंच कोपऱ्यात जेवतात, आणि दर रविवारी जेवता जेवता पेपरची ही पुरवणी वाचतात. हा लेख येईल त्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला जाणार आहे. आंबाडीची भाजी करून नेईन. भाऊजी कोपऱ्यात बसले की बाईच्या जागेवर मी बसेन, आणि पुरवणी त्यांच्या ताटाशेजारी ठेवेन. भाऊजी, इथवर वाचलं असेल तर मान वर करू नका. परत पहिल्यापासून वाचा. माझं जेवण व्हायचं आहे.