काकूची लाल रेघ

मिस्त्रींच्या गॅरेजात एक रीत होती. नट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. पुढे नट सैल झालाच, तर रेघ तुटलेली दिसणार आणि चोर जागीच सापडणार. पण गल्लीतल्या माणसांनी त्या रेघेला याहून मोठं करून ठेवलं होतं. पिवळी रेघ म्हणजे मिस्त्रींची जबान. एकदा रेघ मारली की मिस्त्री बांधला गेला.

आता आतली गोष्ट अशी, की गेल्या सहा वर्षांत त्या रेघेखालचा एकही नट मिस्त्रींनी आवळलेला नव्हता. आवळत होती त्यांची बायको.

तिला सगळे काकू म्हणायचे. वय सत्तेचाळीस, अंगकाठी चिवट, आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा. बाप लोहार होता. सातव्या वर्षी बापानं भात्याची दोरी तिच्या हातात दिली, तेव्हापासून लोखंड तापलं कधी आणि ऐकेल कधी हे तिला आवाजावरून कळायचं. लग्न करून गॅरेजवाल्याच्या घरी आली, ती पहिली दोन वर्षं नुसती उजेडाला हातातली बॅटरी धरून उभी राहिली. मग पाने हातात द्यायला लागली. मग मिस्त्रींनी मागायच्या आधीच द्यायला लागली. मग एक दिवस मिस्त्रींचे हात थरथरायला लागले, आणि औषधानं थांबेनात, तेव्हा पाना कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

गिऱ्हाइकाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. मिस्त्री बॉनेटपाशी उभे राहून बोलायचे, आणि बोलायला त्यांच्यासारखा माणूस नाही. इंजिनपासून सरकारपर्यंत सगळं खोलून पुन्हा बसवायचे. तेवढ्यात काकू गाडीखाली काम उरकायची. गिऱ्हाईक खाली वाकायला लागलं की मिस्त्री खोकायचे. खोकला ऐकला की काकू पाना पाठीखाली सारून हातात बॅटरी धरायची, जणू उजेड दाखवण्यापलीकडे तिचा गाडीशी संबंध नाही. शेवटी मिस्त्री डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून रेघ ओढायचे. सहा वर्षांत ती रेघ पावसाळ्यातल्या गांडुळासारखी वाकडी झाली होती. लोक म्हणायचे, वय झालं की सही बदलतेच माणसाची.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण पार्सलच्या डेपोतली एक गाडी डावं वळण घेताना कट-कट वाजायला लागली.

डेपोच्या नऊच्या नऊ गाड्या बॅटरीवरच्या. गाड्या मुक्या, म्हणून की काय, या गाडीचा ड्रायव्हर भलताच बोलका होता. त्याला नावच भोंगा पडलं होतं. इंजिनाचा गोंगाट असता तर ती कट-कट त्यात बुडून गेली असती. इथे ती दुखऱ्या दाढेसारखी ऐकू यायची. पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या एक्सेलच्या टोकाला जॉइंट असतो, आणि त्या जॉइंटवर रबराचा चुण्यांचा बूट. तो बूट जुना होऊन चिरला होता. आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला फवारलं होतं.

कंपनीच्या वर्कशॉपनं सांगितलं, आख्खा एक्सेल बदलावा लागेल, यायला महिना. डेपोचे तपासणीवाले साहेब हिशेबी माणूस. बाकीच्या आठ गाड्याही त्याच वयाच्या, त्यांचे बूटही आज ना उद्या फाटणार. त्यांनी मिस्त्रींना निरोप धाडला: नुसता बूट बदलून दाखवा. नवा बूट आणि त्याच्याबरोबरचं सगळं सामान आम्ही देतो. पण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथे बसून बघणार. जमलं तर नऊही गाड्या तुमच्याकडे. नाही जमलं, तर टायर-ब्रेकची कामं देतो तीही बंद.

आणि टायर-ब्रेकची ती कामं म्हणजे गॅरेजचं अर्धं पोट होतं.

संध्याकाळी जेवताना मिस्त्री म्हणाले, "सांगतो त्यांना, आजारी आहे म्हणून."

"आजारी तर आहातच. त्यात खोटं काय?"

"अगं, एकदा कळलं ना, की माझे हात गेले, तर कुत्रं फिरकायचं नाही इकडे. लोक माझ्या हातात गाडी देतात."

"तुमच्या हातात देतात आणि माझ्या हातून घेऊन जातात," काकू ताटातून मान वर न करता म्हणाली. "सहा वर्षांत एक तरी परत आली का?"

मिस्त्री भाताचा घास तोंडापर्यंत नेत होते, आणि वाटेत तो निम्मा सांडला होता.

सकाळी साहेब आले. सुकलेल्या शेंगेसारखा माणूस, हातात कागदाचं पॅड, खिशाला दोन पेनं. मिस्त्रींच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलाचा एक पाय डुगडुगायचा; साहेब दोनदा कलंडले आणि तिसऱ्यांदा पाय फाकून बसले. भोंगा गाडी लावून बाजूला उभा राहिला.

मिस्त्रींनी घसा साफ केला. "काय आहे साहेब, या बॅटरीच्या गाड्या म्हणजे..."

"मिस्त्री, बोलणं मागून. हात चालवा."

मिस्त्रींनी पाना उचलला. नटाला लावायला गेले, तर लोखंडावर लोखंड थंडीत दात वाजावेत तसं वाजायला लागलं. मग पाना निसटला आणि फरशीवर पडला.

काकूनं वाकून पाना उचलला. मिस्त्रींची जुनी डांगरी तिच्या अंगात होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. "सरका," ती म्हणाली.

मिस्त्री सरकले नाहीत. ते साहेबांकडे वळले. "साहेब, माझे हात गेलेत. सहा वर्षं झाली. काम ही करते."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे गेल्या वर्षीचे आमचे ब्रेक?"

"मी केले," काकू म्हणाली.

"आणि ती पिवळी रेघ?"

"ती यांची."

"फसवणूकच झाली की ही!" साहेब उठले. स्टूल मागे पडलं.

"झाली," काकू म्हणाली. "पण साहेब, ब्रेक लागतात ना?"

"लागतात?" भोंगाला राहवेना. "परवा मांजर आडवं आलं, तर मांजर वाचलं आणि माझं कपाळ काचेवर! टेंगूळ बघा, अजून आहे."

साहेबांनी टेंगूळ बघितलं. स्टूल उभं केलं. "गाडी आलीच आहे तर बघतो. पण एक चूक दिसली की मी चाललो."

काकूनं चाकाला हातच लावला नाही. आधी गाडी बंद करून किल्ली घेतली. मग सीटखालचं झाकण काढून मोठ्या बॅटरीची वाट तोडणारा नारंगी प्लग उपसला आणि डांगरीच्या खिशात घालून वर बटण लावलं. मग एक बादली उपडी करून तिच्यावर बसली.

"आता काय?" साहेबांनी विचारलं.

"दहा मिनिटं. तारांत करंट रेंगाळतो."

साहेबांची भुवई किंचित वर गेली. हे त्यांच्या पॅडवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, आणि ही बाई तिथेच चुकणार अशी त्यांची खात्री होती. सातव्या मिनिटाला भोंगा म्हणाला, "काकू, आता झालं असेल की थंड."

"दूध आहे का ते? बस गप."

दहा झाली. मग मात्र तिचे हात सुटले. भोंगाला ब्रेक दाबायला लावून तिनं चाकाचा मधला मोठा नट जमिनीवरच सैल केला. जॅक लावताना गाडीच्या पोटाखालची बॅटरी चुकवून कडेच्या जाड पट्टीला लावला, खाली आधाराची लोखंडी घोडी सरकवली, गाडी हलवून बघितली. चाक उतरलं. खालचा बोल्ट काढून तिनं चाक ज्यावर बसतं तो खांदा बाहेर ओढला आणि एक्सेल मोकळा झाला, तो तारेनं बांधून ठेवला, लोंबकळून दुसऱ्या टोकाला ताण नको म्हणून. फाटका बूट कापून टाकला. आत काळं ग्रीस.

इथे काकू थांबली. चिमूटभर ग्रीस घेतलं आणि अंगठा नि बोटाच्या मध्ये चोळलं. डोळे मिटून चोळलं. मिस्त्रीही पुढे वाकले, कारण सगळं इथेच ठरणार होतं. कचकच लागली तर वाळू आत शिरून जॉइंट खाल्ला गेलेला, मग नवा बूट म्हणजे मेलेल्याला नवं धोतर. कचकच नाही लागली तर जॉइंट जिवंत.

"मऊ आहे," काकू म्हणाली. "कोरडा पडला म्हणून ओरडत होता. मेला नाही."

"मला बघू द्या." साहेबांनी पॅड खाली ठेवलं आणि बोट पुढे केलं. चोळलं. वास घेतला. बोट त्यांनी रुमालाऐवजी आपल्याच पँटीला पुसलं.

जॉइंट एक्सेलवरून काढायचा तर त्याला आतून अडकवणारी कडी सुटेल असा एकच घाव बसावा लागतो. चार हलके घाव घातले तर कडाच ठेचतात. काकूनं पितळी तुकडा टेकवला, हातोडा खांद्यापर्यंत नेला. बापाचा हात तिच्या मनगटात होता. ठण्! जॉइंट तिच्या मांडीवर येऊन पडला.

तिनं तो धुतला, एकेक गोळी फिरवून बघितली, पुसला. मग नवा बूट बांधायच्या दोन पट्ट्या घेतल्या आणि बांगड्यांसारख्या मनगटात चढवल्या.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"वीस वर्षांपूर्वी यांनी एकदा सगळं बसवलं," काकू मिस्त्रींकडे न बघता म्हणाली, "जॉइंट, चाक, नट, पिवळी रेघ. आणि वर बघतात तर बूट खिळ्याला लटकलेला."

"दुपारचं ऊन होतं," मिस्त्री पुटपुटले.

"हो, ऊन होतं. चप्पल घालून झाल्यावर पायजमा चढवायचा म्हटलं तर काय होणार! तेव्हापासून मी पट्ट्या हातात घालते. शेवटी मनगट रिकामं, म्हणजे काम पुरं."

आधी लहान पट्टी एक्सेलवर गेली, मग बूट. जॉइंटमध्ये ग्रीस ठासून भरलं, उरलेलं बुटात पिळलं, ग्रीसची पुडीही मुरगळून घेतली. नवी कडी बसवली. जॉइंट ठोकला, कडी आत टक् करून अडकली, तिनं ओढून बघितलं. मोठी पट्टी आवळली. आणि लहान पट्टी आवळायच्या आधी तिनं बारीक स्क्रूड्रायव्हर बुटाच्या ओठाखाली सरकवला. फुस्स करून हवा बाहेर आली आणि फुगलेल्या चुण्या शहाण्यासारख्या खाली बसल्या.

"ढेकर काढल्याशिवाय झोपवायचं नाही," ती म्हणाली. "नाहीतर मग अंगावर ओकतं."

भोंगा फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत, पण लिहिता लिहिता पेन थबकलं.

सगळं जागेवर गेलं. गाडी खाली उतरली. नवा नट जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळला, पाना 'कट्' म्हणेपर्यंत, त्याच्या पुढे केसभरही नाही. दोन्ही मनगटं रिकामी.

सवयीनं मिस्त्री पिवळ्या रंगाचा डबा घेऊन पुढे आले होते. नटापाशी उकिडवे बसले, ब्रश बुडवला, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. आणि थांबले. ब्रशावरून एक थेंब फरशीवर पडला.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "तू मार."

त्यांनी ब्रश पुढे केला. काकूनं तो घेतला नाही. डांगरीच्या दुसऱ्या खिशातून तिनं एक छोटी बाटली काढली, लेक सासरी जाताना विसरून गेलेलं लाल नेलपॉलिश. म्हणजे घरून निघतानाच खिशात घातलेलं.

"अगं, तू आधीच...?"

"रात्रीच ठरवलं होतं," ती म्हणाली, आणि नटापासून लोखंडापर्यंत एक सरळ, झगझगीत लाल रेघ ओढली.

प्लग परत बसवल्यावर साहेब स्वतः स्टिअरिंगवर बसले. काचा खाली केल्या, स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत पिळलं आणि आवारात गोल गोल फिरायला लागले. पाच फेऱ्या. दहा फेऱ्या. मग उजवीकडे दहा. टायरखाली खडी चुरचुरत होती. पलीकडे कोणीतरी पत्रा कापत होतं. गाडीतून मात्र एक चकार शब्द नाही. मिस्त्री कान देऊन उभे, भोंगानं तर तोंडावर हात धरलेला, चुकून आपणच वाजू नये म्हणून.

साहेब उतरले. हातातली बॅटरी लावून गुडघ्यावर टेकले आणि रेघ बघितली. अख्खी होती.

"मिस्त्री, ही लाल रेघ कोणाची?" त्यांनी खालूनच विचारलं. विचारायची गरज नव्हती, पण कागदावर लिहायचं असलं की माणसाच्या तोंडून ऐकावं लागतं.

मिस्त्री बोलायला नेहमी पुढे. आज त्यांनी बोट दाखवलं, आणि ते बोट थरथरत होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"माझी," काकू म्हणाली.

साहेबांनी पॅडवर आधीच लिहिलेलं मिस्त्रींचं नाव खोडलं आणि पेन तिच्यापुढे धरलं. ग्रीसचा अंगठा कागदावर उमटला; सही त्याच्या शेजारी आली.

"उद्या दुसरी गाडी पाठवतो."

"उद्या दोन पाठवा," काकू म्हणाली. "एकीला दहा मिनिटं बसवायचं असतं, तेवढ्यात दुसरीची चाकं सैल करून होतील."

भोंगा गाडी घेऊन निघाला. गाडी आवाज न करता कोपऱ्यावर डावीकडे वळली, पण भोंगा काचेतून गल्लीभर ओरडत गेला, "काकूनं केली! काकूनं!" दोन दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले.

मिस्त्री डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. स्टूल डुगडुगलं.

"आणि माझी पिवळी?" त्यांनी विचारलं.

काकूनं पाना घेतला, त्यांना एका हातानं उठवलं, स्टूल उलटं केलं आणि सैल पायाचा स्क्रू करकचून आवळला.

"मारा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मनगट न धरता रेघ मारली. चांगली वीतभर वाकडी. पण स्टूल त्यानंतर कधी हललं नाही.