डॉक्टरांना कुणी डबल देईना

"राग आलाय का पानं आलीत, ते आधी बघा मॅडम." हातातली पानं टेबलावर पालथी ठेवून, छताकडं बघत डॉक्टर हे म्हणायचे. डाव संपल्यावर, अर्थात. चालू डावात भिडूला चकार शब्द बोलायचे नाहीत.

डॉक्टर जनावरांचे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, जाफराबादला राहायचे आणि दर रविवारी दुपारी एसटीनं जालन्याला ब्रिज खेळायला यायचे. सरकीचे व्यापारी असलेल्या शेठच्या दुकानावर एक खोली होती, तिथं आमचा अड्डा. शेठ, त्यांचे इंजिनिअर मेहुणे, डॉक्टर आणि त्यांची भिडू मी, कॉलेजात गणित शिकवणारी.

तुम्ही ब्रिज खेळला नसाल तर एवढंच लक्षात ठेवा. समोरच्यांनी बोली लावली की आम्ही इतके हात करू, आणि आपल्याला वाटलं की हे त्यांना झेपणार नाही, तर आपण 'डबल' म्हणायचं. ते बुडाले तर जबर बुडतात. तरले तर आपली फजिती.

सुरुवातीला मी फार डबल द्यायची. एकदा शेठ बोली लावताना माझ्याकडं बघून मिशीत हसले, मी ताडकन डबल दिलं आणि त्यांनी आरामात हात केले. चहा पिताना डॉक्टर म्हणाले, "ते डबल पानांनी न्हाई दिलं, तुमच्या नाकानं दिलं. पक्के हात मोजा. भिडूवर एखादा धरा, जास्ती न्हाई. हुकूम बोली लावणाऱ्याच्या पाठीमागं बसलेत का पुढं, ते बघा. मंग तोंड उघडा. अन् एक ध्यानात ठेवा, डबल देणं म्हंजे समोरच्याला मान देणं. लहान पोराला कुणी डबल देतंय का?"

स्वतः ते क्वचित डबल द्यायचे. पण दिलं की शेठ पानं खाली ठेवून आधी पाणी प्यायचे.

म्हणून त्या दिवशी आम्ही सगळेच चक्रावलो. शेठनी चार बदामची बोली लावली, म्हणजे त्या डावात बदाम हुकूम. डॉक्टरांनी छताकडं पाहिलं नाही, काही नाही. "डबल!" शेठनी हुकमाचं पहिलं पान टाकलं, आणि त्यावर डॉक्टरांनी चौकटचं पान टाकलं. म्हणजे त्यांच्याकडं बदामचं एकही पान नव्हतं. हुकमाचं पान नसताना डबल! मेहुणे खदाखदा हसले. डॉक्टरही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

जिन्यात मी त्यांना गाठलं.

"लाल लाल सगळं एकच दिसू राह्यलं, मॅडम," ते कठड्याला धरून म्हणाले. "साखरेनं डोळे खाल्ले. संभाजीनगरला जाऊन डोळ्यात सुया घेतल्या, फरक न्हाई. जनावरं तपासायचं कवाच सोडलं. सुई चुकली तर त्या मुक्यानं कुणाला सांगावं?"

"शेठना सांगू या. ते समजून घेतील."

"बिलकुल न्हाई! समजून घेतलं की खेळ संपला. हा एक रविवार तेवढा राह्यलाय मला. हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. शेठना मी काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारपासून ते नवा कॅट घेऊन येऊ लागले आणि पुन्हा पहिल्यासारखं खेळू लागले. पानं वाटायची पाळी आली की म्हणायचे, "शेठ, तुम्हीच वाटा, माझी बोटं आखडलीत." समोरच्यानं टाकलेलं पान कोणतं, हे सहज विचारल्यासारखं विचारायचे. मला वाटलं, सुया लागू पडल्या.

मग एका दुपारी शेठनी पान उचललं, आणि खिडकीतलं ऊन त्यातून आरपार आलं. बारीक भोकं. त्यांनी दुसरं पान उन्हात धरलं, तिसरं धरलं. सगळ्या कॅटवर सुईनं टोचलेल्या खुणा होत्या.

"डॉक्टरसाहेब, हे काय आहे?"

"मी टोचलेत," डॉक्टर म्हणाले.

"इतकी वर्षं बसलो एकत्र," शेठचा आवाज कापत होता. "चोरी? तुम्ही?"

डॉक्टर मान खाली घालून बसून राहिले. चोर ठरायला ते तयार होते, आंधळे ठरायला नव्हते. मला ते बघवेना.

"शेठ, त्यांना दिसत नाही! आपली पानं ते बोटांनी चाचपून वाचतात; वाटताना तुमची पानं कळू नयेत म्हणून तर ते स्वतः वाटत नव्हते."

"मॅडम!" डॉक्टर ओरडले. तसं ओरडलेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

शेठ उठले, त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. रडलेसुद्धा. "ह्याच पानांनी खेळू. आम्ही पान बोलून टाकत जाऊ. तुम्ही फक्त येत जा."

ते आले. एकदाच. शेठनी त्यांच्या पाठीला उशी लावली, मेहुण्यांनी चहा हातात दिला. सगळे फार हळू बोलत होते. दुसऱ्याच डावात डॉक्टरांनी बोली लावली, "चार इस्पिक." शेठ जरा थांबले आणि म्हणाले, "पास." मेहुणेही पास. बोली संपली, बोली लावणाऱ्याच्या भिडूनं मांडायची असतात तशी माझी पानं मी टेबलावर उघडली आणि डॉक्टरांच्या हातात डोकावले. इस्पिकची चार फालतू पानं होती. त्या पानांवर त्यांनी जन्मात अशी बोली लावली नसती.

डाव साफ बुडाला. शेठ एकेक हुकूम नाव घेऊन टाकत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता.

"शेठ, एक्का-राजासकट पाच हुकूम होते तुमच्यापाशी," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "डबल का न्हाई दिलं?"

"सुचलं नाही, डॉक्टरसाहेब."

"तुम्हाला सुचलं न्हाई?"

डॉक्टरांनी उशी बाजूला काढून ठेवली आणि ते उठले.

जाफराबादच्या जीपपर्यंत मी त्यांना सोडायला गेले. "पुढच्या रविवारी या," मी म्हणाले. "बघू," ते म्हणाले. त्यानंतर ते कधी आले नाहीत. फोन त्यांच्या पत्नी उचलायच्या आणि म्हणायच्या, "झोपलेत." त्या दिवशी जीप निघाली तेव्हा दोन उतारूंच्या मधून त्यांनी हात बाहेर काढला आणि बराच वेळ हलवला, रस्त्याच्या पलीकडं, जिथं कुणीच उभं नव्हतं.