रंकाळ्यातला काचेचा डबा

त्या माणसाचा मला आजही राग येतो. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. मी रंकाळ्यावर म्हशी धुवायला नेत असे आणि हा आधीच मांडीभर पाण्यात उभा. रॉकेलच्या डब्याला एका बाजूनं काच डांबरानं चिकटवलेली, आत कॅमेरा. डबा अर्धा बुडवून तो माशांचे फोटो काढायचा. पुढं मालवणला जाऊन समुद्रातले मासे टिपायचे, त्याचा हा सराव.

म्हशी उतरल्या की पाणी गढूळ. मग तो कडाडायचा, "गाळ बसायला किती वेळ लागतो, कळतं का तुला?"

"पावणं, तळं तुमच्या बाचं हाय व्हय?" मीही सोडत नसे.

"समुद्रात म्हशी नसतात, म्हणून तर जायचंय तिकडं," असं म्हणून तो सदऱ्याच्या टोकानं काच घासत बसायचा.

एका सकाळी त्यानं एक फोटो माझ्या अंगावर फेकला. "घे. तुझ्या म्हशीनं वाटोळं केलं." धुरकट फोटोत म्हशीचे पाय होते आणि खुरांनी उकरलेल्या गाळावर बारक्या माशांची झुंबड उडाली होती.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी म्हशी मुद्दाम पलीकडच्या काठाला नेल्या. थोड्या वेळानं तो डबा काखेत मारून ओरडतच आला, "कुठं मेला होतास? तिकडं एक मासा फिरकत नाही. उतरव म्हशी."

मी उतरवल्या.

पुढं तो मालवणला गेला म्हणे. मला सांगूनसुद्धा गेला नाही. समुद्रात म्हशी नसतात. तिथं त्याला मासे कोण गोळा करून देणार होतं?