आईच्या सीपीयूचं झाकण

मी पांढुर्ण्याहून सौंसरला पोचले तेव्हा आई टेबलाशी बसून टाइप करत होती, आणि समोरचा स्क्रीन काळा होता. तिचा कॉम्प्युटर त्याच आठवड्यात जळला होता. भावाने फोनवर सांगितलं होतं की आतून धूर निघाला आणि खोलीभर वास सुटला. तरी तिची बोटं कीबोर्डवर ठरल्या लयीत पडत होती. एक ओळ झाली की ती मान वर करून काळ्या काचेकडे बघायची, आणि पुन्हा सुरू करायची.

"आई, काय करून राहिली?" मी विचारलं.

"पोरी येतील ना आता," ती म्हणाली. "अन् हा सुरूच नाही होऊन राहिला. तू पाह्य बरं जरा."

पोरी यायच्या बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. बाबा गेल्यावर आईने घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढला, आणि पुढे हा कॉम्प्युटर घेतला. तेव्हा सौंसरमध्ये कॉम्प्युटर असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. शेतकऱ्यांच्या, दुकानदारांच्या मुली तिच्याकडे शिकून नोकरीला लागल्या. मीसुद्धा तिच्याच हाताखाली शिकले आणि आज पांढुर्ण्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते.

अलीकडे आईचं विसरणं सुरू झालं होतं. जेवण झालं की नाही हे तिला आठवायचं नाही. भावाच्या बायकोला ती कधी सून म्हणून ओळखायची, कधी क्लासची विद्यार्थिनी समजायची. पण रोज सकाळी अंघोळ, देवपूजा झाली की ती त्या पिवळट पडलेल्या सीपीयूवर तळहात ठेवायची, पुढचा मोठा खटका दाबायची, पंख्याची घरघर ऐकायची आणि सरावाच्या ओळी टाइप करायला बसायची. तेवढं झालं की दिवस शांत जायचा. कॉम्प्युटर जळल्यापासून मात्र ती चार-चारदा फाटकाबाहेर जाऊ लागली होती. एकदा ती थेट बसस्टँडवर सापडली. कुठे चालली होती हे तिला सांगता आलं नाही.

भावाने तिच्यासाठी लॅपटॉप आणला. तिने तो मिटला आणि त्याच्या हातात परत दिला. "ज्याचा असेल त्याले देऊन ये," म्हणाली. मग त्याने दुकानातला काळा नवा कॉम्प्युटर आणून टेबलावर ठेवला. ती त्याच्याकडे पाठ करून पलंगावर बसून राहिली आणि जेवली नाही.

जुनं दुरुस्त होण्यातलं नव्हतं. मदरबोर्ड जळून काळा पडला होता आणि तसे भाग आता कुठेच मिळत नव्हते. तेव्हा मी ठरवलं, डबा तोच ठेवायचा आणि आतलं सगळं बदलायचं. जुनी डिस्क अजून वाचता येत होती. ती शाळेत नेऊन तिच्यातला टायपिंगचा प्रोग्राम मी नव्या मशीनवर चालवून पाहिला. तोच काळा पडदा, त्याच हिरव्या ओळी. नागपूरहून असा नवा मदरबोर्ड शोधून आणला, ज्याला तिच्या जुन्या कीबोर्डची गोल पिन बसेल.

भावाला हे पटलं नाही. त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान घराला लागूनच आहे. तो काउंटर सोडून आला.

"ताई, काहून एवढी मेहनत करून राहिली? तिले कळलं ना, तर अजून बिथरन."

"कळूच द्यायचं नाही."

"अन् कळलं तर?"

मी नव्या बोर्डाचा खोका उघडायला घेतला.

शनिवारी भावजय आईला जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला घेऊन गेली. शनिवारची गर्दी असते, म्हणजे परत यायला वेळ लागेल असा आमचा हिशेब. ऑटो वळणावरून दिसेनासा झाला तसा मी सीपीयू उचलून मागच्या अंगणात नेला. बोरगावच्या एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्रा कापायचा ग्राइंडर मागून आणला होता. जुन्या डब्याच्या मागच्या बाजूला नव्या बोर्डाची वायरी जोडायची तोंडं बाहेर निघायला जागाच नव्हती. तिथे चौकोन कापायचा होता.

ग्राइंडर मी आधी कधी हातात धरला नव्हता. पहिल्या झटक्यात तो पत्र्यावरून घसरला आणि माझ्या गुडघ्याजवळून गेला. भाऊ दुकानातून ओरडला, "बंद कर ते!" मी बंद केला, श्वास घेतला, पुन्हा लावला. ठिणग्या उडत होत्या, आणि मनात एकच भीती होती की कापताना डबा वाकडा झाला तर तो आईचा राहणार नाही. चौकोन निघाला. थोडा तिरपा, पण निघाला. कानस घेऊन कडा घासल्या. बोर्ड बसवायला नवी भोकं पाडली. नवा बोर्ड त्या मोठ्या डब्यात एवढासा दिसत होता, जसा मोठ्या पातेल्याच्या तळाला भात उरावा.

आता खटका उरला. आजच्या कॉम्प्युटरचं बटन नुसता इशारा देतं, त्यात करंट नावापुरता असतो. त्या जुन्या डब्यात मात्र घरातली वीज जाड वायरीने थेट पुढच्या खटक्यापर्यंत यायची. तो खट्‌कन आत जाऊन आतच राहायचा. आईच्या बोटाला तेच माहीत होतं, म्हणून मी तो तसाच ठेवला, तशाच वायरीनिशी. घड्याळाकडे पाहत, घाईघाईत वायर डब्याच्या कडेने ओढून घेतली, झाकण लावलं, सीपीयू टेबलावर आणला, खटका दाबला.

चालला. हिरव्या ओळी आल्या. मी भावाला हाक मारली. तो आला आणि वाकून ओळी पाहत राहिला. मग दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेला.

डब्यावर पत्र्याचा भुसा पडला होता. ओलं फडकं घेऊन मी तो पुसायला गेले, आणि कोपरापर्यंत सणसणीत झटका बसला. फडकं हातातून उडालं. आमच्या घराच्या जुन्या स्विचबोर्डांना अर्थिंग नाही, त्यामुळे बारीक झिणझिण्या कधीतरी येतात. हे ते नव्हतं. मी ड्रॉवरमधून टेस्टर काढून डब्याला लावला. दिवा लख्ख पेटला. अख्खा पत्रा जिवंत होता.

त्याच वेळी फाटकाशी ऑटो थांबला.

त्या लवकर परतल्या होत्या. गर्दीत आई घाबरली, असं भावजयीने नंतर सांगितलं. अंगणातल्या नळाचा आवाज आला. देवळातून आल्यावर आई हातपाय धुते. प्लग टेबलाच्या मागे भिंतीशी होता. मी गुडघ्यावर बसून हात आत घालत होते तेवढ्यात तिची पावलं खोलीत आली. स्क्रीन उजळलेला तिला दारातूनच दिसला. तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी इतका फुललेला पाहिला.

"सुरू झाला!" ती म्हणाली, आणि पाणी टपकणारा हात पुढे करून सरळ सीपीयूकडे आली.

"आई, हात लावू नको!" मी ओरडले. "मागे हो! मागे!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती जागच्या जागी थांबली. हात हवेत तसाच, डब्यापासून वीतभर. मी वायरीला धरून प्लग खेचला. स्क्रीन विझला, पंखा थांबला, आणि खोलीत फक्त तिच्या बोटांवरून फरशीवर पडणारं पाणी ऐकू येत होतं.

तिने हात हळूच मागे घेतला आणि पदराला पुसला. "माहा नाही का हा?" तिने विचारलं. मी उठून तिच्याजवळ जाईपर्यंत ती आतल्या खोलीत गेली होती.

भावाने सगळं ऐकलं होतं. त्याने टेस्टर माझ्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला. "आज काय झालं असतं, ताई?" एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने सीपीयू उचलून दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवला आणि दाराला कडी लावली.

दुसऱ्या दिवशी आई पुढच्या खोलीत टाइप करायला आलीच नाही. मी चहा नेऊन दिला. तिने घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. काल काय झालं हे तिला आठवत होतं की नाही, मला कळत नव्हतं. भीती मात्र अंगात उरली असावी. त्या खोलीतून बाहेर जाताना ती भिंतीला धरून, टेबलापासून लांबून जायची.

मी शाळेला सुट्टी कळवली आणि इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने अंगणात खड्डा करून अर्थिंग घातली, पुढच्या खोलीचा स्विचबोर्ड बदलला, आणि करंट कुठे गळला तर लगेच पडेल असा खटका मीटरजवळ बसवला. त्याचं काम झाल्यावर मी भावाला म्हटलं, "मला सीपीयू दे."

"आता काय करतेस?"

"दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर उघडते. तू बाजूला बसून पाह्य."

व्हरांड्यात चटई टाकून मी झाकण काढलं. कारण लगेच दिसलं. कापलेल्या पत्र्याची एक कड घासायची राहिली होती, आणि तिच्यावर घासून जाड वायरीचं वरचं आवरण फाटलं होतं. आतलं तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलं होतं. भावाने वाकून पाहिलं आणि बोट लावणार तेवढ्यात थांबला.

"प्लग कुठे आहे?" त्याने विचारलं.

"हा काय, तुझ्या समोर."

ती जाड वायर मी पुढपर्यंत जाऊच द्यायची नाही असं ठरवलं. खटका खोलून त्याच्या आतली अडकवणारी छोटी तार काढली, म्हणजे तो दाबला की लगेच बाहेर येईल आणि नव्या बोर्डाला नुसता इशारा देईल. घरची वीज मागच्या, वीजपुरवठ्याच्या लोखंडी पेटीतच राहील. आईच्या बोटाला फरक कळणार होता. कळला तर कळला.

मी कानस घासत होते तेव्हा माझ्यावर सावली पडली. आई मागे उभी होती. किती वेळ, माहीत नाही. भावाने माझ्याकडे पाहिलं. झाकण लावायला आता वेळ नव्हता.

ती चटईवर बसली, गुडघे सांभाळत, सावकाश. डब्यात डोकावली.

"यात तं काहीच नाही," ती म्हणाली. "आतलं कुठी गेलं?"

माझ्या तोंडात खोटं तयार होतं. साफ करायला काढलंय, असं काहीतरी. भावाचे डोळेही तेच सांगत होते.

"जळलं आई," मी म्हटलं. "धूर निघाला होता. ते आता मिळत नाही, म्हणून मी नवीन टाकून राहिली. डबा तुझाच आहे. अन् त्या दिवशी त्याला करंट आला होता, म्हणून मी तुझ्यावर ओरडले."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. मला वाटत होतं, आता उठेल आणि फाटकाकडे चालू लागेल.

"मग मले काहून नाही सांगितलं?" तिने विचारलं. आवाजात राग होता, क्लासमधला, गृहपाठ न केलेल्या मुलीवरचा. "मी काय कोणी परकी आहो? माही वस्तू उघडता अन् मलेच जामसांवलीले पाठवता?"

भावाने मान खाली घातली. मीही.

"ते इथं टोचते," तिने तिरप्या चौकोनाच्या कडेजवळ बोट नेत म्हटलं. "अजून घास."

मी घासलं. संध्याकाळ व्हायच्या आत सीपीयू टेबलावर गेला. मी टेस्टर लावला, भावाने त्याच्या हाताने पुन्हा लावला, मग उघडा तळहात ठेवून पाहिला. आईने बटन दाबलं. ते बाहेर आलं तशी तिने परत दाबायला बोट नेलं आणि मी तिचा हात धरला. "एकदाच, आई." ती थांबली. ओळी आल्या. तिने खुर्ची ओढली, आणि टाइप करायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाली, "तू मनगट टेकवत जाऊ नको. सगळ्या पोरी तेच करतात."

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिला सांगितलेलं राहत नाही. काही दिवस ती मजेत टाइप करते. काही दिवस डब्यावर हात ठेवून म्हणते, याच्यात घरघर नाही, हा माझा नाही. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. एक-दोनदा ती ऐकूनही फाटकाबाहेर निघून गेली आणि भावाला दुकान टाकून मागे धावावं लागलं.

परवा शाळेत तास चालू असताना त्याचा फोन आला. मी घाबरून वर्गाबाहेर आले.

"काय झालं?"

"काही नाही. आई म्हणून राहिली, आत काय आहे ते दाखव. झाकणाचे पेच काढतो आता. पहिले प्लगच काढू ना?"

"पहिले प्लग," मी म्हटलं. "मग थोडं थांब. मग झाकण."

"हाव," तो म्हणाला. मागून आईचा आवाज येत होता, ती त्याला पेचकस नीट धरायला सांगत होती.