कानाला लावलेली बरणी

दवाखान्याच्या औषधकोठीत बावीस वर्षं काढलेल्या मावशीला गोळ्या आवाजावरून कळत. बरणी कानाशी धरायची, मनगटाला एक हिसका द्यायचा, की आत काय आहे ते बाई छातीठोक सांगणार. सगळ्यांना त्याची गंमत वाटे. तिच्यासाठी ती लपवाछपवी होती.

गोळ्यांचे आवाज ओळखणाऱ्या त्या कानात अक्षरांचे आवाज कधी ठरलेच नाहीत. गुरुजींनी ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर ढकललं, ते कायमचं. आपली लिपी तिनं पुढं बोट फिरवत, अडखळत, कशीबशी माणसाळवली. तिथं अक्षर निदान दिल्या आवाजाला जागतं. पण बरण्यांवरचं इंग्रजी बेभरवशाचं. एकच अक्षर इथं एक बोलणार, तिथं भलतंच, आणि कुठं तोंड शिवून बसणार. मग “चष्मा घरी राहिला गं, वाच बघू,” म्हणत ती चिठ्ठी सिस्टरकडूनच वाचून घेई, आणि ठरल्या फळीवरची बरणी काढी.

गेल्या आठवड्यात नवे साहेब आले आणि त्यांनी सगळ्या बरण्या इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावून टाकल्या. मावशीच्या जागा गेल्या, उरला कान. आज त्यानंही दगा दिला. दोन गोळ्या एकाच मापाच्या, पांढऱ्याफेक. फक्त एकीवर मधोमध रेघ. हवी होती रेघेची, मावशीनं पुडीत बांधली बिनरेघेची.

ती रेघ नाही हे नव्या सिस्टरनं पेशंटला गोळी देता देता पाहिलं, म्हणून निभावलं. पण पुडी तपासून घेतल्याची सही त्या सिस्टरचीच होती.

“नोकरी पक्की व्हायच्या आधीच दिवे लावलेत!” साहेब सिस्टरवर कडाडले. “चिठ्ठी चुकीची वाचलीत तुम्ही. मावशी बावीस वर्षांत चुकलेली नाही.”

“बरोबर वाचली हो मी! मावशी, सांगा ना!”

नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. निवृत्तीला तीन वर्षं. पोर जाईल, आपण तरू. मावशी पुढं झाली.

“तिनं बरोबर वाचली. बरणीवरचं मला वाचता येत नाही.”

“चष्म्याशिवाय?”

“चष्मा नाहीच मला, साहेब. कधीच नव्हता.”

साहेबांनी हात पुढं केला. “किल्ली.”

मावशीनं कमरेची किल्ली सोडली. सिस्टरचे डोळे भरले होते. “मला आधी सांगायचंत ना, मावशी. बरणीही मीच वाचली असती.”

“सांगितलं असतं गं,” मावशी म्हणाली, “तर ही किल्ली तेव्हाच गेली असती.”